तारेल्लो दुसरा

आमच्या बोर्गोरिवात ‘कोस्तांझा’ व्यायाममंडळाचं एकच सभागृह होतं. शनिवारी संध्याकाळी तिथं आमचं नाटक, आठवडाभर पोरांच्या कसरती, आणि रविवारी दुपारी फुटबॉलवाले पडद्यामागे कपडे बदलायचे. त्यामुळे माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी देल्मो तारेल्लोची बुटांना चोळायची चरबी पडलेली असायची. एकदा घाईघाईत मी ती चरबीच गालांना फासून प्रवेश केला. अख्खा अंकभर पुढच्या रांगेतलं खाटकाचं कुत्रं माझ्यावरून नजर हलवेना. लोक म्हणाले, काय पण अभिनय, मुकं जनावरसुद्धा खिळून बसलं!

देल्मो मागच्या हिवाळ्यात गेला. त्याच्या मयतीला आलेल्या तरुण पोरांना तो गिरणीतला लंगडा, अबोल म्हातारा म्हणूनच ठाऊक होता. त्याला खेळताना पाहिलेली आम्ही चार-दोन हाडं उरलो आहोत, आणि त्यातल्या निम्म्यांना काल काय जेवलो तेही आठवत नाही. म्हणून सांगते.

तारेल्लोंचं घर आणि आमचं घर एकाच चौकात. चौकाच्या मधोमध लाकडं ठेवायची शेड. थोरला एवाझियो, धाकटा देल्मो. बाप भाताच्या गिरणीत पट्ट्यात सापडून गेलेला. आई मद्दालेना, आमची लेनामावशी, भाताच्या दिवसांत गुडघाभर पाण्यात वाकून तण उपटायची आणि उरलेलं वर्ष कालव्यावर लोकांचे कपडे धुवायची. पोरांकडे बघायला कुणी नाही, म्हणून पोरं दिवसभर चौकात. देल्मो शेडच्या अलीकडे, एवाझियो पलीकडे. एकमेकांना दिसत नसत. देल्मो शेडवरून चेंडू मारायचा, आणि पलीकडे तो जमिनीवर पडल्याचा आवाज कधी यायचाच नाही. एवाझियोच्या छातीवर नाहीतर पायावर तो अलगद उतरलेला असायचा.

मी एकदा विचारलं, “तुला कसं रे कळतं तो कुठं आहे ते?”

देल्मो म्हणाला, “मला कुठं कळतं? मी मारतो. तिथं तो असतो.”

एवाझियो आधी कोस्तांझात गेला, डाव्या कडेला. गोरा, उंच, धावताना कोपर बाहेर काढणारा, आणि पोरींना बघून गोल चुकवणारा. मिलानहून गुलाबी कागदाचं वर्तमानपत्र यायचं. त्यात संघाची नावं छापायचे, नुसती आडनावं. एवाझियोचं ‘तारेल्लो’ असं. पुढं देल्मोही संघात आला, मैदानाच्या मधोमध, सगळा खेळ ज्याच्या पायातून जातो त्या जागेवर. आणि वर्तमानपत्रात ‘तारेल्लो पहिला’ आणि ‘तारेल्लो दुसरा’ असे आकडे लागले. तेव्हाची ती रीतच होती. राजांना लागतात तसे आकडे खेळणाऱ्या भावांना लागत.

लेनामावशीला वाचता येत नव्हतं. सोमवारी बातिस्तिन न्हाव्याचं दुकान बंद असायचं. तो खुर्ची घेऊन चौकात यायचा आणि तिला पेपर वाचून दाखवायचा. पहिल्यांदा आकडे आले तेव्हा ती घाबरली.

“आता हे काय? दंड झाला की काय पोरांना?”

“दंड नव्हे गं, मान आहे,” बातिस्तिन म्हणाला. “एकटा असला की नुसतं नाव. दोघं झाले की थोरला पहिला, धाकटा दुसरा. नीट लक्षात ठेव. नुसता तारेल्लो म्हणजे एवाझियो. दुसरा म्हणजे देल्मो.”

तिनं ते असं लक्षात ठेवलं की दुसऱ्या कुणी देवाच्या आज्ञाही ठेवल्या नसतील.

त्या वर्षांत कोस्तांझानं मोठमोठ्या शहरांना आमच्या चिखलात लोळवलं. देल्मो चेंडू घ्यायचा, मान खाली, आणि न बघता डावीकडे लांब फेकायचा. तिथं एवाझियो असायचा. पाहुणे म्हणायचे, यांच्यात काहीतरी चेटूक आहे. आम्ही म्हणायचो, चेटूक नाही, लाकडांची शेड आहे.

मग युद्ध आलं. दोघंही गेले, वेगवेगळ्या तुकड्यांत. देल्मो तोफखान्याच्या खेचरांबरोबर. सतरा सालच्या शरदात आपली आघाडी फुटली, त्या पळापळीत एवाझियो हरवला. ‘बेपत्ता’ असा शब्द आला. मेला असं कुणी म्हणालं नाही, आहे असंही कुणी म्हणालं नाही. लेनामावशीनं दुखवट्याचं काळं वस्त्र अंगाला लावलं नाही. गावातल्या बायका तिच्याशी बोलताना त्याच्याविषयी ‘आहे’ म्हणायच्या. ‘होता’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

देल्मो परत आला. सामने पुन्हा सुरू झाले. गावातले सगळे जण आले होते. काठ्या टेकत, रिकाम्या बाह्या टाचून. देल्मोनं पहिला चेंडू घेतला, मान खाली घातली, आणि डावीकडे लांब मारला.

तिथं कुणीच नव्हतं. चेंडू रेषेपलीकडे गेला आणि कालव्यात पडला.

दुसऱ्या गावात लोक हसले असते. आमच्या लोकांनी टोप्या काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप निघाल्या. चेंडू काढायला एक म्हातारा जाळं घेऊन बसलेला असायचा, तोही टोपी काढून तसाच बसून राहिला आणि चेंडू वाहून गेला.

असं पुढं दर सामन्यात व्हायचं. दहा चेंडू देल्मो सोन्यासारखे द्यायचा, अकरावा डावीकडे रिकाम्या जागेत. डाव्या कडेला नवीन आणलेला खेळाडू होता ओरेस्ते, गिरणीचा गाडीवान. मनानं सरळ, पायानं जड. एका रविवारी पडद्यामागे मी कपाटातले पोशाख मोजत होते आणि हे दोघं बाकावर बूट बांधत होते.

“देल्मो,” ओरेस्ते म्हणाला, “मी तिथं असतो. बघ माझ्याकडे. पिवळे केस, सुपाएवढे कान. सगळ्या गावाला दिसतो, तुला तेवढा दिसत नाही होय?”

“दिसतोस की.”

“मग चेंडू दे की!”

“देतोय की.”

“मला दे रे बाबा! त्याला नको!”

देल्मोनं बुटाची नाडी ओढली ती तटकन तुटली. ओरेस्तेनं स्वतःच्या बुटाची काढून त्याला दिली आणि सुतळी शोधायला गेला. असा होता तो.

मग देल्मो माझ्याकडे न बघता म्हणाला, “बघितलं तर तो नसतो, अदेलिना. न बघता मारला तर चेंडू पोचेपर्यंत तो असतो.”

 रंगमंचावर मी हे अनुभवलं होतं. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला नट गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तरी मी जुन्याला मिळायच्या त्या हशासाठी थांबायची आणि नवा बिचारा घाबरून वाक्य विसरायचा. पण माझा तर सहकारी होता. याचा भाऊ.

आकड्याचं काय करायचं हा प्रश्नही तेव्हाच उठला. मंडळाचे अध्यक्ष, औषधवाले ग्रेप्पी, टोपी हातात घेऊन लेनामावशीकडे आले. ती मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती.

“मावशी, आता एकच तारेल्लो खेळतोय. पेपरवाले विचारतात, आकडा काढायचा का?”

“काढा की. मग एवाझियो आला की त्याला काय तिसरा म्हणणार?”

“तसं नव्हे हो...”

“मग कसं? ग्रेप्पी, तुमच्या दुकानात बाटलीवरची चिठ्ठी निघाली की माणसं मरतात. माझ्या पोराची चिठ्ठी काढू नका.”

आकडा राहिला. पहिला नसलेला दुसरा. परगावचे लोक विचारायचे, पहिला कुठं असतो? आम्ही सांगायचो, बाहेरगावी आहे.

पुढं मिलानचा एक मोठा संघ देल्मोला न्यायला आला. तेव्हा खेळासाठी पैसे घेणं नियमाविरुद्ध होतं, त्यामुळे सगळं तोंड झाकून चालायचं. कागदोपत्री देल्मो एका कापडाच्या वखारीत पहारेकरी लागला. वखारीत कापड नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं भाबडेपणानं विचारलं, राखायचं काय? मालक म्हणाला, तुझे गुडघे राख. बातिस्तिननं ही गोष्ट गावात इतक्यांदा सांगितली की शेवटी वखार त्याचीच असल्यासारखं वाटायला लागलं.

तिथं पहिल्याच आठवड्यात देल्मोनं संघाच्या कारकुनाला सांगितलं, माझ्या नावापुढं ‘दुसरा’ असतं, तसं छापायला द्या. कारकून हसला. “दुसरा? मग पहिला कुठं आहे? चांगला असेल तर त्यालाही आणा, घेतो आम्ही.” देल्मोनं तो विषय पुन्हा काढला नाही. गुलाबी पेपरात नुसतं ‘तारेल्लो’ छापून येऊ लागलं.

आणि इथं आमच्या गावानं एक नाटक सुरू केलं, ज्यात मी नव्हते एवढाच काय तो फरक. बातिस्तिन दर सोमवारी वाचताना ‘दुसरा’ हा शब्द पदरचा घालायचा. चौकातल्या सगळ्यांना माहीत होतं. पाववाल्याला माहीत होतं, पाद्रीबाबांना माहीत होतं. एकच शब्द तर आहे, कुणाचं काय जातंय, असं आम्ही म्हणायचो.

देल्मोचं तिथं बरं चाललं होतं. फक्त ते डावीकडचं. मिलानच्या लोकांनी टोप्या नाही काढल्या. “कुणाला दिलास रे? जावयाला?” असं ओरडायचे. संघाचा शिक्षक हंगेरीचा होता. त्यानं तोडक्यामोडक्या भाषेत विचारलं, “डावीकडे कोण?” देल्मो म्हणाला, “कोणी नाही.” “मग का देतोस?” देल्मोनं खांदे उडवले. शिक्षक म्हणाला, हा हंगाम संपेपर्यंत तू डावीकडे बघायला शिक, नाहीतर आपल्या भाताच्या शेतात परत जा. देल्मोला हे कळत होतं की पोटाचा धंदा त्या एका चेंडूवर टांगला आहे. तरी मान वर होत नव्हती.

नोव्हेंबरातला एक सोमवार. बातिस्तिन बहिणीकडे डुक्कर कापायला गेला होता. त्या दिवसांत माणूस आईच्या आजारपणालाही नाही म्हणेल, पण डुकराला नाही म्हणत नाही. लेनामावशी खुर्ची मांडून बसलेली. ओरेस्ते गाडीवर पोती घेऊन चाललेला. तिनं त्याला हाक मारली आणि पेपर हातात दिला. मी खिडकीत भाजी निवडत होते. ओरेस्तेनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण जिना उतरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“...तारेल्लो,” ओरेस्ते वाचत होता.

“पुढं?”

“पुढं स्वल्पविराम आहे.”

“तारेल्लो, एवढंच?”

“एवढंच, मावशी. खाली लिहिलंय, तारेल्लोनं पुन्हा डावीकडे...”

“डावीकडे?”

“डावीकडे, असं लिहिलंय.” त्यानं बोट दाखवलं. सरळ माणूस. जे छापलंय ते वाचत होता.

लेनामावशी उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या घेवड्याच्या शेंगा सगळ्या फरशीवर पडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जमिनीवर पडलेलं अन्न तसंच टाकलं.

“नुसता तारेल्लो म्हणजे एवाझियो,” ती म्हणाली. “तो आला.”

दुसऱ्या दिवशी बातिस्तिन सॉसेजची माळ गळ्यात घालून परतला आणि ही बातमी ऐकून पाववाल्याच्या दारातच बसला. “गाढवा,” तो ओरेस्तेला म्हणाला, “तुला वाचायला कुणी शिकवलं?” ओरेस्ते रडायला लागला. एवढा मोठा पुरुष, पिठानं पांढरा झालेला, आणि गालांवर दोन ओघळ. मग वाद सुरू झाला. तिला कुणी सांगायचं? बातिस्तिन म्हणाला पाद्रीबाबांनी, पाद्रीबाबा म्हणाले ग्रेप्पींनी, ग्रेप्पी म्हणाले बायकांचं काम आहे. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी नटी, मला सगळं बोलता येतं असा लोकांचा समज.

रविवारी ती एवाझियोला बघायला मिलानला निघाली, आणि मीही तिच्याबरोबर आगगाडीत बसले. तिनं निळा पोशाख घातला होता, लग्नानंतर तिच्या अंगावर मी तो पाहिला नव्हता. मांडीवर फडक्यात बांधलेलं पानिस्साचं भांडं, म्हणजे भात, घेवडा आणि बातिस्तिनचं सॉसेज एकत्र शिजवलेलं, अजून कोमट. आणि लोकरीचे मोजे, मोठ्या मापाचे. देल्मोचा पाय लहान होता.

बाहेर धुकं. भाताची कापलेली शेतं दिसत नव्हती, फक्त जवळची चिनारांची रांग एकेक करून येत होती आणि जात होती.

“लेनामावशी,” मी म्हणाले, “एवाझियो आला असता तर आधी घरी नसता आला?”

“तुझ्या नाटकात येत असतील. माझा एवाझियो आधी मैदानावर जायचा. घर त्याला भूक लागली की आठवायचं.”

“पण कळवलं नसतं का?”

“त्याला अक्षर गिरवायचा कंटाळा. शाळेतसुद्धा देल्मोच लिहून द्यायचा.” मग जरा थांबून, “आणि देल्मोला बाहेर बसवला असणार त्यांनी. दोघांना पगार द्यायला नको म्हणून. शहरातले लोक कंजूस. पोर मनाला लावून घेईल. त्यासाठीपण घेतलंय मी.” तिनं भांड्यावर हात ठेवला.

प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. मी अर्धं आयुष्य लोकांसमोर खोट्याचं खरं करून दाखवलं, पण त्या डब्यात त्या दिवशी मला खऱ्याचं खरं करता येईना.

मैदानावर धुकं इतकं की समोरची बाजूच नाही. आम्ही डाव्या कडेच्या कुंपणाला लागून उभ्या राहिलो, तिनंच ती जागा धरली. खेळ म्हणजे आतून येणारे आवाज. चेंडूचा धप्प, पंचाची शिट्टी, कुणाची तरी शिवी. मधेच एखादा माणूस धुक्यातून बाहेर पडायचा, आमच्यापुढून धावत जायचा आणि विरून जायचा. प्रत्येकाला ती वर-खाली निरखायची. हा नाही. हापण नाही.

बऱ्याच वेळानं आत एक किंकाळी उठली. शिट्टी वाजली. कुंपणाशी उभ्या लोकांत बातमी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात सरकत आली.

“कोण पडलं?”

“तारेल्लो. गुडघा.”

“बाहेर नेला?”

“छे, उभा आहे. डावीकडे धाडतायत त्याला.”

तेव्हा बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. जो लंगडा होईल त्याला डाव्या कडेला उभा करायचे. तिथं तो कामाचा नसला तरी निदान अकरा माणसं भरायची, आणि समोरच्या एकाला त्याच्यावर नजर ठेवावी लागायची. देल्मो इतकी वर्षं ज्या जागेकडे चेंडू फेकत होता, त्या जागेवर त्यालाच नेऊन उभं करणार होते.

लेनामावशीनं फक्त ‘तारेल्लो’ ऐकलं, आणि ‘डावीकडे’. तिनं माझा दंड धरला. अजून मला तिची बोटं जाणवतात.

धुक्यातून तो हळूहळू आला. आधी नुसती उंची, मग खांदे. दुखऱ्या पायामुळे तोल सावरायला कोपर बाहेर काढलेलं. मी शपथ घेऊन सांगते, मलासुद्धा क्षणभर एवाझियोच दिसला. 

“एवाझियो!”

तिची हाक कालव्यावर कपडे धुताना पलीकडच्या काठाला पोचेल अशी होती. मैदानातले लोक वळले.

आणि कडेशी येऊन गोलाकडे तोंड करून उभा राहिलेला देल्मो, आमच्यावर नजर न थांबवता, झटकन स्वतःच्या डाव्या खांद्यावरून आमच्यामागे बघायला लागला. ती कुणाला हाक मारतेय ते बघायला. जे त्यानं चार वर्षांत एकदाही केलं नव्हतं ते केलं, मान वर करून डावीकडे बघितलं. तिथं कुंपण होतं, आम्ही दोघी होतो, आणि आमच्यामागे धुकं. तो ते धुकं बघत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. रंगमंचावर एवढा वेळ कुणी थांबलं असतं तर मी पडदा पाडायला सांगितलं असतं.

मग तो लंगडत कुंपणापाशी आला.

“आई, मी देल्मो आहे.”

तिनं कुंपणाच्या फळ्यांमधून हात घातला आणि त्याचा चेहरा चाचपला, आंधळ्यासारखा. कपाळ, नाक, हनुवटीवरची लहानपणची खूण.

“मग तू इथं का उभा आहेस?” ती म्हणाली. “ही त्याची जागा आहे.”

“हो.”

“आणि आकडा? तुझा आकडा कुठं गेला?”

“आकडा नाही आई. एकच आहे मी. बघितलं आत्ता.” त्याचे ओठ थंडीनं निळे पडले होते. “तिथं कुणी नाही.”

इतक्यात मैदानातून आरोळी उठली, “तारेल्लो! तारेल्लो, चेंडू!” चेंडू धुक्यातून आला, त्याच्या पायाजवळून गेला आणि कुंपणावर आपटला. लोक खवळले. “अरे घरी जा! आईच्या मांडीवर बसून खेळ!” आमच्या शेजारून एकानं टोपी फेकून मारली. देल्मोनं मागे वळून पाहिलं नाही. लेनामावशीनं मात्र त्या माणसाकडे पाहिलं, आणि तो गप्प झाला.

मग ती देल्मोला म्हणाली, “जा, तुझं काम कर.” आणि तो गेला, एका पायावर, शेवटच्या शिट्टीपर्यंत उभा राहिला.

परतीच्या गाडीत तिनं भांडं उघडलं. मला वाढलं, समोरच्या दोन शिपायांना वाढलं. स्वतः खाल्लं नाही. नोव्हारा स्टेशन मागं पडल्यावर ती रडायला लागली, मोठ्यानं, लाज न बाळगता, इतक्या वर्षांचं साठलेलं. शिपाई भांबावून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, खा तुम्ही, गार होईल.

घरी आल्यावर ती काळं नेसली. गावच्या स्मारकावर युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली होती, तिनं एवाझियोचं कोरू दिलं नव्हतं. वसंतात ती स्वतः पाथरवटाकडे गेली. वर्णक्रमानं जागा उरली नव्हती, म्हणून त्याचं नाव सगळ्यांत शेवटी आलं, झानोत्तीच्या खाली, जरा दाटीवाटीनं. पाथरवट पैसे घेईना.

देल्मोचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. पुढं काही वर्षांनी खेळाडूंना उघडपणे पगार मिळू लागला, पण तोवर त्याची वेळ टळून गेली होती. मिलानच्या संघानं त्याला नारळ दिला, त्या बिनकापडाच्या वखारीतूनही तो सुटला, आणि गावात येऊन गिरणीत लागला. कोस्तांझानं त्याला तरीही घेतला. लंगड्या माणसाची एकच जागा असते. शेवटचे दोन हंगाम तो डाव्या कडेला उभा राहिला. मध्ये त्याच्या जागेवर आता ओरेस्ते खेळायचा, आणि ओरेस्ते बघून, विचार करून, हाक मारून चेंडू द्यायचा. बऱ्याचदा तोवर दुसरा कुणी घेऊन जायचा.

एका रविवारी सामना संपल्यावर देल्मो पडद्यामागे बुटांचा चिखल खरवडत बसला होता. मी म्हटलं, “कंटाळा नाही येत रे, तिथं नुसतं उभं राहायचा?”

“नाही.” खरवडणं चालूच. “तिथून मैदान वेगळं दिसतं, अदेलिना. मधे एक पोरगा दिसतो, मान खाली घातलेला. मीच तो. त्याला चेंडू मिळतो, आणि मला वाटतं ओरडावं, अरे बघ तरी एकदा इकडे.”

“मग ओरड की.”

“ओरडलो एकदा,” देल्मो म्हणाला. “ओरेस्तेनं वळून पाहिलं. घाबरला बिचारा. म्हणाला, कुणाला बोलावतोयस?”

त्यानं दुसरा बूट उचलला.